मेंढ्याचा दावा

ज्ञानूतात्यांचं नाव आधी घेतो. कोर्टातले पट्टेवाले, पुकारा करणारे. ते नसते तर मी आजही मेंढा माझाच म्हणून सांगत बसलो असतो.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. जज्जसाहेबांनी विचारलं, "मेंढा तुझा कशावरून?"

मी हात जोडले. "सायेब, मेंढ्याचं ऱ्हाऊ द्या. मला पायताणानं मारलं, त्याचं बोला."

सगळं कोर्ट हसलं. ज्यानं मारलं तो रानाचा मालक खुर्चीवर बसला होता. तोही हसला.

जज्जसाहेब म्हणाले, "मारल्याचं इथं नसतं. हा दिवाणी दावा आहे. मेंढा कुणाचा, एवढंच बोल."

आठ महिने मी तारखांना येत होतो. माझ्या माराचा न्याय चाललाय असं समजून.

आम्ही कवठे महांकाळकडचे मेंढरंवाले. तिकडं पाणी आटलं की कृष्णाकाठी उतरायचं. मालकानंच बोलावून रानात मेंढरं बसवली होती, खतासाठी. निघताना त्याच्या मनात माझा मेंढा भरला. मी नाही म्हणालो. त्यानं पायातलं काढलं आणि बायकोदेखत माझ्या तोंडावर हाणलं. मेंढा ठेवून घेतला.

मी गुरुजींकडे धावलो. आमच्याच गावचे, पुढं नोकरीपायी कृष्णाकाठी राहिलेले. तिसरीत माझी शाळा सुटली, तोवर अक्षरं त्यांनीच शिकवलेली. त्यांनी मोडीत अर्ज लिहिला. मला बाळबोध येतं, मोडी नाही. त्यांनी वाचून दाखवला तेव्हा त्यात पायताण होतं. मी माझ्या कानांनी ऐकलं. खाली सही केली. लय ऐटीत.

कोर्ट हसलं त्या दिवशी ज्ञानूतात्यांनी मला व्हरांड्यात घेतलं.

"तुझा कागद मी वाचलाय रं. त्यात मार न्हाई. पायताण न्हाई. नुसता मेंढा हाय."

मी खाली बसलो.

"दिवाणीत त्याला खुर्ची मिळती. फौजदारीत पिंजऱ्यात हुभं ऱ्हावं लागलं असतं. म्हणून तर गुरुजीनं तुला हिकडं धाडला. ऊठ, मॅजिस्ट्रेटाम्होरं जा. तिथं फिर्याद तोंडानं सांगता येती. शपथ घालून सायेब सोता लिवून घेत्यात."

तेवढ्यात गुरुजी कागद घेऊन आले. "मालक मेंढा परत देतायत. हा तडजोडीचा राजीनामा, यावर सही कर, मिटवून टाकू."

कागद मोडीतच होता.

"गुरुजी, यात पायताण कुठं लिवलंय, तेवढं बोट ठेवून दावा."

"अरे, पायताणाचं काय घेऊन बसलास? मेंढा मिळतोय ना?"

सही केली नाही. तसाच शेजारच्या कोर्टात गेलो. शपथ घेतली आणि पायताणापासून सुरुवात केली.

मालकाला समन्स निघालंय. बायको म्हणते, परमुलूख आहे, वैर नको. भीती मलाही वाटते. पण राजीनामा होणार नाही. मोडी शिकायला घेतलीय. पहिला वाचणार तो गुरुजींचा अर्ज.

ज्ञानूतात्या, मालक पिंजऱ्यात उभा राहील त्या दिवशी माझ्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं तुमच्या खांद्यावर घालीन. लोकर बाजूला काढून ठेवलीय.