बसरा ते मालकांचा गोठा

आक्का गेली त्याला दीड महिना झाला. लोक म्हणतात, मास्तर, आता राग गिळा. काहून गिळू? गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, ते मी बोलणारच. जिवंत आहेत त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचा ठेका काही मी घेतलेला न्हाई.

आक्का माझी थोरली बहीण. दाजी लढाईत लॉरी हाकायला बसऱ्याला गेले, तेव्हा ती माझ्याकडं राहायला आली. एकदा मी शाळेतला नकाशा घरी आणला. "बापू, बसरा किती लांब?" मी बसऱ्यापासून टपालाचं विमान उतरतं त्या कराचीपर्यंत पांढरा दोरा ताणला आणि मोजला. "बाराशे मैल. विमानाला एक दिवस." ती खुदकन हसली. "एकच? अरे, हट्टा गावच्या मावशीकडं बैलगाडीनं जायला तेवढाच लागतोय की!" दोरा तिनं तोडून घेतला आणि देवळीत ठेवला.

टपाल तेव्हा जवळा बाजार गावी यायचं. बाजारच्या दिवशी जमीनदार मालकांचा गडी ते आमच्या वाडीला आणायचा आणि मालक ओसरीवर बसून वाटायचे. आक्का त्यांच्याच शेतात राबायची. दर आठवड्याला ओसरीपुढं उभी राहायची. "मालक, काई आलं का?" "न्हाई."

त्या साली ज्वारीचं खळं चालू असताना दाजींचं पाकीट आलं. वाटेत कुठंतरी त्याचा कोपरा फाटला होता. आपल्याकडं कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताची खबर, ते घरात नेत न्हाईत. मालकांनी न उघडताच ते गोठ्याच्या कुडात खोचलं. इथवर चूक म्हणू. पण नवरा गेल्याचं कळलं तर आक्का कामाला येणार न्हाई, तिच्यासंगं चार बाया घरी बसतील, हा हिशेब त्यांनी केला. एकविसाव्या दिवशी पाकीट माझ्या हातात ठेवून म्हणतात कसे, "खळं उरकू दिलं, मास्तर. उगं तकलीफ नको."

उघडून बघतो तर दाजी धडधाकट! चार दिवस मुंबईला येणार होते. 'बापूला घेऊन बंदरावर ये,' असं लिहिलं होतं… ते चार दिवस कधीच उलटून गेले होते. बसऱ्याहून वाडीला पत्र नऊ दिवसांत आलं. मालकांच्या गोठ्यातून आमच्या दारात, हाकेच्या अंतरावर यायला एकवीस दिवस. दाजी बसऱ्याला परतले आणि तिथंच तापानं गेले. शेवटच्या दुखण्यात आक्का मला विचारायची, "बापू, बंदरावर किती वेळ थांबले असतील रे?"

आता टपाल शाळेत येतं, माझ्या हाती. मालकांचा मुलगा विलायतेला शिकतोय. "विमानानं तीन दिवसांत पोचला!" हे त्यांनी गावभर सांगितलंय. मालकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, वाडीत वाचणारा मी एकटा. दर बाजारला काठी टेकत शाळेच्या पायरीशी येतात. "मास्तर, काई आलं का?"

परवा आलं. मी त्या पाकिटाचा कोपरा फाडला. ह्या हातानं फाडला, लपवत न्हाई. मालकांनी पाकीट चाचपलं, बोट कोपऱ्यापाशी थांबलं आणि ते पायरीवरच बसले. पाकीट माझ्यापुढं धरलं. "वाच, मास्तर… वाच रे बाबा."

"वाचतो की, मालक. खळं उरकू द्या."

फाडलेला कोपरा आक्काच्या दोऱ्यात गुंडाळून मी देवळीत ठेवलाय. पाकीट माझ्या खिशात आहे. ज्वारी अजून रानात उभी आहे.