जांभळ्या कुंड्यांचा चोर

ज्या झाडाला ना फूल, ना फळ, ना ज्याच्या पाल्याची भाजी होते, ते झाड लावणारा माणूस एक तर खुळा असतो नाहीतर साहेब, असं रावजी माळ्याचं मत होतं. कमळाबाई तर साहेबाच्याच घरातल्या. साहेब सरकारी इंजिनिअर, पुण्याहून बदलून रत्नागिरीत आलेले, आणि बाईंनी येताना बागेची हौस बरोबर आणलेली. हौस बाईंची आणि कंबर रावजीची. व्हरांड्यात खुर्ची टाकून बाई उंटावरून शेळ्या हाकत. रावजी तांबड्या मातीत शेणखत कालवत मनात म्हणे, हाका.

चौपन्न सालचा पाऊस सरताना मुंबईहून बोटीनं बारा कुंड्या आल्या. पिकल्या जांभळासारखी गडद पानं. झाडाचं नाव काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई एक इंग्रजी नाव सांगत, पण दर वेळी वेगळं. रावजीनं कुंड्या फाटकापासून पायरीपर्यंत उन्हात मांडल्या. झाडं बिनकामाची असली तरी काम वाईट करायची त्याला सवय नव्हती. त्यानं शेंडे खुडले, तसे बुंध्याशी फुटवे आले आणि कुंड्या गच्च भरल्या. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. बाई त्यांना सांगत, "माझ्या हाताला गुणच आहे." रावजी आपल्या नखांतली माती काढत उभा असे.

दिवाळीला पुण्याचे पाहुणे येणार म्हणून बाईंनी बाराही कुंड्या दिवाणखान्यात नेववल्या. तिथे खिडक्यांना जाड पडदे, दुपारी बारालाही अंधार.

"बाईसाब, सावलीत रंग जानार," रावजी म्हणाला. "उनावर रंग हाय ह्यांचा."

बाई हसल्या. "झाडाचा रंग म्हणजे काय लुगड्याचा रंग आहे, जायला?"

पाहुणे आले, गेले. कुंड्या तिथेच राहिल्या. डिसेंबर उजाडेपर्यंत पानं हिरवी झाली, परसातल्या कुठल्याही तणासारखी.

बाईंनी रावजीला हाक मारली तेव्हा चहाला आलेल्या दोन बायका समोर बसल्या होत्या. "माझी झाडं कुठे आहेत?"

"हीच ती."

"ही हिरवी आहेत. माझी जांभळी होती. मांडवीवर त्या नव्या डॉक्टरांच्या अंगणात परवा तसलीच पाहिली मी. माझी तिकडे दिलीस आणि ही रानटी आणून ठेवलीस."

नाचता येईना अंगण वाकडं, हे रावजीनं पुष्कळ पाहिलं होतं. पण वाकड्या अंगणाला कुणी चोर म्हटलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. तो काही बोलायच्या आत दोघी बायका उठल्याही, आणि संध्याकाळपर्यंत बोलणं आळीभर झालं.

माळ्याचं पोट विश्वासावर चालतं. घरची माणसं दुपारी झोपतात आणि हा आवारात एकटा फिरतो. त्याच आळीतल्या हफीजाबी, जहाजावरच्या तांडेलाची म्हातारी बायको, दहा वर्षं त्याला मागच्या विहिरीपर्यंत मोकळा सोडत. त्यांनी निरोप धाडला, सध्या येऊ नको. शेजारच्या मालन मास्तरणीनं, जिची बागही तोच बघे, तर निरोपही धाडला नाही, नुसती कडी घातली. रावजीला त्या रात्री भाकर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं न विचारता बाराही कुंड्या उचलून पुन्हा उन्हात मांडल्या. वीस दिवसांत नवी पालवी आली ती जांभळी. जुनी पानंही जांभळट होत गेली.

बाई पायरीवर येऊन बघतच राहिल्या. मग त्यांचा चेहरा एकदम मायाळू झाला. "घाबरून परत आणून ठेवलीस ना? जाऊ दे. मी माफ केलं तुला."

चोर म्हटल्यानं जेवढी आग झाली नव्हती तेवढी रावजीला ह्या माफीनं झाली. शिकलेल्या माणसाचं डोकं एवढं बंद असू शकतं? त्यानं एक कुंडी पुढे सरकवली.

"ही तुमच्या हातान उचला, बाईसाब. साहेबांच्या कागदांच्या अंधाऱ्या खोलीत ठेवा. कुलूप घाला, किल्ली कंबरेला लावा. पानी तुमीच घाला. मी पायरी चढत नाय."

चोर रंगेहाथ सापडणार म्हणून बाई खूश झाल्या. पहिला आठवडा त्या तांब्या घेऊन ऐटीत खोलीत जात. दुसऱ्या आठवड्यात बाहेर येताना ऐट उतरलेली असे. चौथ्यात तर रावजी समोर दिसला की आल्या पावली आत वळत. महिना भरला त्या सकाळी त्यानं पायरीशी उभं राहून म्हटलं, "कुलूप काडा."

कुंडी बाहेर आली. झाड हिरवंगार.

बाईंनी पदर सारखा केला. "बरं. झालं गेलं विसरून जा, रावजी."

"मी विसरन. ज्यानी कड्या घातल्या ती मानसां कशी विसरतील?" त्यानं ती हिरवी कुंडी खांद्यावर घेतली आणि फाटक उघडलं. "चला."

साहेबांच्या बायकोला असं कुणी चला म्हटलं नव्हतं. तरी त्या निघाल्या. रावजी त्यांना मालन मास्तरणीच्या दारावरून पुढे घेऊन गेला, थेट हफीजाबींकडे. म्हातारी ओटीवर सुपारी कातरत बसली होती. बाई फाटकातच थांबल्या आणि पायांकडे बघत पुटपुटल्या, "रावजीनं झाडं चोरली नव्हती. माझीच चूक झाली."

हफीजाबींना दोन्ही कानांनी कमी ऐकू येई. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "काय बोल्लात? जरा मोट्यान बोला."

रावजी मुद्दाम ह्या घरी आधी आला होता. बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. बंदरावरून मासळी घेऊन येणाऱ्या तिघीचौघी टोपल्या डोक्यावर तशाच ठेवून थांबल्या होत्या. मग बाईंनी घसा साफ केला आणि सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं.