नेत्राच्या अंगणातली पालखी

शिमग्याची पालखी घरोघर निघायच्या आदल्या दिवशी गावची बैठक भरली. सुनांनी तिथे फक्त चहा द्यायचा असतो, पण नेत्राने ट्रे खाली ठेवला.

"आमच्या अंगणात ढोल नको. माझ्या ऋत्विकला ऑटिझम आहे, आवाज सोसत नाही. दरवर्षी पोराला मागच्या खोलीत कोंडते. देव भेटतच नाही त्याला."

रामाआबा मानकरी हसले. "आमच्या वेळी नव्हती गो असली थेरं. ही सगळी मोबाईलची नायतर लशींची करणी." मोबाईल आबांच्याच हातात होता.

"लशींनी होत नाही, डॉक्टरांना विचारलंय. आणि नव्हती कशी? आमचे खंडूकाका ढोल ऐकला की कातळावर पळायचे. बाधा म्हणून तुम्हीच गोठ्यात बांधलंत ना त्यांना?"

बैठकीतले सगळे आपापल्या कपात बघू लागले.

"ढोलाशिवाय पालखी नाचवायची कशी?" आबांनी विचारलं.

"नाचवू नका. टेकवा."

दुसऱ्या दिवशी ढोल अंगणाच्या दगडी गडग्याबाहेरच थांबले, पालखी आत येऊन टेकली. ऋत्विक अंगणात आला आणि देवाकडे न बघता पालखीचे गोंडे एकेक सरळ करत बसला.

"चला, पुढची घरं खोळंबलीत," आबा कुरकुरले.

"थांबा, आबा," नेत्रा म्हणाली. "त्याचं अजून झालं नाही."