नसरीनच्या खालचं नाव

"आधी पोचंल त्याचा मान," असं मृत्युंजय स्वामी ऊठसूट म्हणायचा. कसबा बावड्यात मालक बाळासोंची माणसं डेअऱ्यांसाठी दूध मोजायची यंत्रं बनवतात. मृत्युंजय तिथला सगळ्यात जुना. यंत्राच्या पोटात कर्नल असतो, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा गाभा. कुठल्या कामाला किती मेमरी द्यायची, कधी काढून घ्यायची, हे ठरवणारा कारभारीच तो. हा कर्नल साऱ्या जगाचा. देशोदेशीची मंडळी त्यात दुरुस्त्या करतात. त्यांच्यात आपलं नाव यावं, एवढी एकच भूक मृत्युंजयला होती. मग कोडोलीहून नसरीन कामाला आली. तीही कर्नल उघडू लागली, आणि तिच्या कीबोर्डचा आवाजसुद्धा त्याला सोसेना.

डेअरीवर गर्दी झाली की यंत्र मध्येच गोठायचं. मृत्युंजयने दोषाची जागा हुडकली. दोन कामं मेमरीच्या एकाच तुकड्यावर यायची. एक तो मोकळा करून टाकायचं, दुसरं अजून वाचतच असायचं. ऊस तुटला म्हणून एकाने पाचट पेटवावं आणि दुसरा फडातच मोळी बांधत असावा, तसं. तिथं काय घडतं ते बघायला त्याने प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. यंत्राने तिथं आल्यावर पडद्यावर आकडा छापावा, इतकीच. गोठणं थांबलं. त्याने पेढे वाटले.

नसरीनने पेढा हातातच धरला. "दादा, छापण्यात यंत्राचा वेळ जातोय, म्हणून दोघांची गाठ पडंना झालीय. ती ओळ काढून बघूया की."

"तुझ्या पोटात दुखतंय व्हय?"

"माझ्या न्हाय, यंत्राच्या."

बाळासो खो-खो हसले. ते हसू मृत्युंजयच्या कानात तापत राहिलं. ओळ काढली; यंत्र पुन्हा गोठलं.

मग नसरीनने सोय केली. आत येणाऱ्या प्रत्येक कामाने खूण ठेवायची, जाताना उचलायची, आणि शेवटची खूण उचलल्यावरच तुकडा मोकळा व्हायचा. खूण ठेवताना कुणी मध्ये घुसू नये म्हणून कुलूपही घातलं. बाळासोंनी यंत्र दिवसभर पिदडलं. ते अडलं नाही.

दुरुस्ती जगाकडे पाठवताना करणाऱ्याचं नाव वर, दोष कळवणाऱ्याचं खाली, अशी रीत. वर नसरीन मुल्लाणी. खाली मृत्युंजय स्वामी.

"माझं नाव काढ."

"का? जागा तुम्हीच हुडकलीसा की."

"तुझ्या खाली नगं मला."

"मग खोटं लिहू व्हय? मी न्हाय काढणार. तुम्हीच पुसा."

तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. मृत्युंजयचं बोट पुढे गेलं. पडद्यावर त्याचं नाव होतं, पहिल्यांदाच. बोट तसंच थांबलं आणि मागं आलं.

नसरीनने दुरुस्ती पाठवून दिली.

"अरं, आईला फोन कर, नाव जगात गेलं तुझं!" बाळासो ओरडले.

"तिच्या खाली," एवढंच म्हणून मृत्युंजय उठला. जेवणाचा डबा टेबलावर, गाडी दारात, आणि तो पायीच नदीच्या रस्त्याला लागला. बाळासोंनी दोन हाका मारल्या आणि ते आत वळले. नसरीन मात्र खिडकीशी उभी राहिली, उसाच्या ट्रॉल्यांच्या धुळीत त्याचा पांढरा शर्ट दिसेनासा होईपर्यंत.