गोठ्यातला इंग्रजी कप

माझ्या कपाटातली पहिली वस्तू म्हणजे हा कप. निळ्या वेलबुट्टीचा, सोनेरी काठाचा, बुडावर मुकुटाचा शिक्का आणि खाली 'इंग्लंड'. बाकीचं नंतर जमवलं. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर उदबत्त्या खोचायला ठेवलेली लाल काचेची विलायती फुलदाणी, युसूफ वडगावात कोंबड्या पाणी पीत होत्या ती नक्षीची बशी. लोक म्हणतात, गुरुजींना जुन्या भांड्यांचं याड लागलंय. म्हणू द्या. माझं याड न्हाई, खुन्नस हाय.

माझी आई मालकांच्या रानात खुरपायला जायची. दुपारचा चहा तिला याच कपात मिळायचा. मालकांच्या आज्याला कुण्या गोऱ्या साहेबानं दिलेला कप, पण तो स्वयंपाकघरात कधी गेला न्हाई. पितळेचा विटाळ विस्तवात धरला की जातो, चिनी मातीचा जात न्हाई, असं त्यांचं शास्त्र! म्हणून घरातली सगळ्यात देखणी वस्तू गोठ्याच्या कोनाड्यात, आमच्यासारख्यांसाठी. आई चहा प्यायची, कप स्वतः विसळायची आणि कोनाड्यात उपडा ठेवायची. ओट्यावरून मालकीणबाई ओरडायच्या, "बुडाला चहा राहिलाय गं, परत विसळ!" आई मुकाट्यानं परत विसळायची. माझं रक्त तेव्हापासून उकळतंय, अजून निवलं न्हाई.

पुढं त्यांनी गोठा पाडला. सूनबाईंनी जुन्या साड्यांबरोबर तो कपही बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. वडवणीच्या बाजारात बोहारणीच्या पाटीत मला तो दिसला आणि मी तसाच छातीशी धरून घरी आणला.

परवा धाकले मालक दारात हजर. माझ्या कपाटाचा फोटो त्यांना कुणीतरी मोबाईलवर दाखवला होता. "गुरुजी, आमच्या घराण्याची चीज हाय ती. नव्या बंगल्याच्या शोकेसात ठेवायचीय. काय घ्यायचं ते घ्या."

"आधी चहा तर घ्या," मी म्हणालो. त्याच कपात दिला. गडी खूष! मिटक्या मारत प्याला.

"मालक, या कपाचा रिवाज हाय. पिणाऱ्यानं विसळायचा."

ते हसले. माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू विरलं. पण कप पाहिजे होता ना! उठले, अंगणातल्या नळावर गेले, विसळून आणला. खाटेवर बसलेल्या माझ्या म्हाताऱ्या आईनं हात पुढं करून तो घेतला, तिरपा करून आत पाहिलं आणि परत त्यांच्या हातात दिला.

"बुडाला चहा राहिलाय. परत विसळ."

लई बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

ते लाल तोंडानं परत गेले, विसळून आले. मी कप घेतला, कपाटात उपडा ठेवला आणि कुलूप लावलं.

"म्हणजे देणार न्हाई?"

"न्हाई मालक. पण चहाला कधीबी या. हा कप तुमच्यासाठी वेगळा ठेवलाय."