पाचवी बावली

सोनूबाईची शाळा दुसरीत सुटली, पण तिथी-वारात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घाटकोपरच्या टेकडीवरच्या तिच्या दोन खोल्यांत शनिवारी नखं कापली जात नसत, ताटात तीन चपात्या पडत नसत, आणि उंबऱ्यावरून कुणी 'जातो' म्हणत नसे. नवरा भिकाजी थट्टा करायचा, "माझा मरानपन तू क्यालेंडर बघूनच ठरव हां!"

तर त्या बाबानं कॅलेंडर न बघता डोळे मिटले, आणि नेमके पंचकात.

पंचकात गेलेलं माणूस एकटं जात नाही, मागोमाग घरातली माणसं ओढतं म्हणतात. त्यावर तोड एकच. कणकेच्या पाच बाहुल्या करून त्याच्यासोबत सरणावर द्यायच्या, म्हणजे मरणाची भूक तिथंच भागते. भटजींनी हे दाराशी हलक्या आवाजात सांगितलं, कारण आत सून दिपाली सातव्या महिन्यात होती. पोटुशीसमोर असलं बोलत नाहीत.

रडायला सवड कुठली! सोनूबाई कणीक मळायला बसली. तिच्या मालवणीत बाहुलीला बावली म्हणतात. चार बावल्या ऐसपैस झाल्या. पाचवीला कणीक पुरेना, ती अंगठ्याएवढीच झाली. ताट ओट्यावर ठेवून ती बाहेर मयताजवळ गेली. पडद्याआड दिपाली एकटीच बसली होती, प्रेताचं तोंड दिसू नये म्हणून. मग मुलगा कृणाल आत आला आणि डोळे पुसत ताट घेऊन गेला. मोजतो कोण?

नंतरचे दिवस बरे गेले नाहीत. दिपालीचे पाय सुजले. दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून पोटातलं बाळ हललंच नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना ठोके सापडले, पण बाळ हललं नाही. "संध्याकाळपर्यंत हालचाल जाणवली नाही तर लगेच या," त्या म्हणाल्या.

दुपारी सोनूबाईनं पिंडाचे तांदूळ काढायला डब्यात हात घातला. बोटांना काहीतरी टणक लागलं. बाहेर काढलं, तर ती अंगठ्याएवढी बावली. वाळून दगड झालेली.

"दिपाली, ह्या काय गो?"

दिपालीनं मान खाली घातली. "मी ठेवली, आई."

"कित्याक?"

"पाच होत्या ना. बाबा, तुम्ही, कृणाल, मी... आणि ही एवढीशी." तिचा हात पोटावर गेला. "मला वाटलं, ही आतली. हिला कशी जाळू देऊ?"

सोनूबाई मटकन खाली बसली. कणकेला नाव नसतं, म्हणून तर ती माणसाच्या बदल्यात खपते. या पोरीनं नाव ठेवलं. आता जाळावी तर बाळ जाळल्यासारखं, आणि ठेवावी तर मरण एका घासानं उपाशी, घरातच घुटमळणारं.

"खुळे, ती तुझी नव्हती. आता झाली."

"आई, घाबरवू नका ना!"

"मी खंय घाबरवतंय? मीच घाबरलंय."

मग सोनूबाई उठली. बावली पाण्यात भिजवली, वर चार मुठी पीठ घातलं आणि मळून पुन्हा एक बावली केली. वाकलेल्या पाठीची, मानेवर एवढासा अंबाडा.

"आता सांग, ही कोण?"

दिपालीला हुंदका आला. "नको ना, आई."

"तुझ्या तोंडान नाव पडला, तुझ्याच तोंडान बदलूक व्हया. बोल. नाक चाफेकळी करू काय, वळखूक येना नाय तर?"

"...तुम्ही."

"मग झाला तर."

दाराबाहेर पत्र्याच्या डब्यात नारळाची सोडणं पेटवून तिनं बावली वर ठेवली. वास आला तो चपातीचा, भूक लागावी असा. कणीक तडकली, आणि बावलीचा डावा पाय तुटून डब्याबाहेर पडला. सोनूबाई वाकेपर्यंत कावळ्यानं तो उचललासुद्धा. पिंडाला शिवायला माणसांना ताटकळत ठेवणारा कावळा, पण आज मेल्याला केवढी घाई! गेला टेकडीवरून उडून.

आतून दिपाली ओरडली, "आई! हललं! लाथ मारली!"

"मारू दे. माज्या नातवाक पाय आसत," सोनूबाई म्हणाली आणि निखारे विझेपर्यंत तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दहाव्याची तयारी करताना ती ओट्यापासून दारापर्यंत भिंतीला धरून गेली. डावा पाय मागून फरफटत होता.

"आई, पाय का ओढताय?" दिपालीनं विचारलं.

"चप्पल चावता गो."

दिपालीनं खाली पाहिलं. सोनूबाई अनवाणी होती.