पहिल्या पेल्यात पाणी

नसरीकाकांना यान्सूनचा वास येत नसे. यान्सून म्हणजे बडीशेपेची बारीक, जास्त गोड वासाची बहीण. तिच्याशिवाय आमची द्राक्षांची गाळीव दारू, अराक, होत नाही, आणि नसरीकाकांचा उभा जन्म अराकच्या भट्टीपाशी गेलेला. तो वास त्यांच्या शर्टात, मिशीत, गाडीच्या सीटमध्येसुद्धा मुरला होता. चर्चमध्ये ते मागच्या बाकावर येऊन बसले, की पुढच्या बायका मान न वळवता म्हणायच्या, "आला नसरी." झहले शहराच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथे हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्यांना माहीत नव्हतं.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, हियामताईला, अराक नको होती. तिला वाईन करायची होती. लहानपणी ती भट्टीच्या दारात बसून आंबणाऱ्या रसाचे बुडबुडे ऐकायची आणि वडील तो रस उकळायला लागले की रडायची. "इतका छान झाला होता, आता कशाला जाळता?" देशातली लढाई थांबल्यावर ती फ्रान्समध्ये जाऊन वाईनचं शिक्षण घेऊन आली. आल्या आल्या तिने वडिलांकडे द्राक्षं मागितली.

नसरीकाका म्हणाले, "खालच्या मळ्यातली ओबैदे द्राक्षं घे. एक हंगाम. वाईन चांगली झाली तर वरचा मळाही तुझा. नाही झाली तर सगळी द्राक्षं पुन्हा भट्टीला, आणि तूही भट्टीला. कबूल?"

"कबूल."

तिला स्टीलची एक टाकी हवी होती. ती आणायच्या आत एका सकाळी नसरीकाकांनी तिला अंगणात बोलावलं. आजोबांच्या वेळचे मातीचे मोठे रांजण रांगेत उन्हात मांडलेले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांत अराक मुरत आली होती. नसरीकाकांनी स्वतः आत अर्धं अंग घालून ते चुन्याने घासले होते. कोपरं सोललेली, केसांत चुना.

"असे रांजण आता कोणी घडवत नाही," ते म्हणाले. "कोरे करकरीत केलेत. वास घे, काही येतोय?"

हियामताईने वाकून वास घेतला. माती वास पिते आणि सोडत नाही, हे तिला शिकायला फ्रान्सला जायची गरज नव्हती. तिने वडिलांच्या कोपरांकडे पाहिलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "काही नाही."

वसंतात रांजण उघडले तेव्हा जे व्हायचं तेच झालं होतं. रंग सुरेख, आंबटपणा नेमका, आणि घोट घेतला की घशात यान्सून. नसरीकाकांनी चव घेतली, डोळे पुसले आणि आमच्याकडे लाडाने म्हणतात तसं म्हणाले, "तुझ्याच हातून मला माती मिळू दे गं पोरी! ही खरी वाईन!" आणि त्यांनी रविवारी अख्ख्या गल्लीला जेवायला बोलावलं.

पुढचं मला ओडेटआत्याने सांगितलं. ती नसरीकाकांची धाकटी बहीण. मी हियामताईकडे रस तपासायच्या कामाला लागलो त्या दिवसापासून ती मला ही गोष्ट सांगतेय. कच्च्या मांसाचं किब्बे, तब्बूलेची कोशिंबीर, सगळं मांडलं होतं. पेले भरले. लोकांनी घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं.

शेवटी पाद्री म्हणाले, "नसरी, यात... यात तुझ्या घराचा सुगंध आहे बघ."

"वा!" सगळे सुटल्यासारखे ओरडले. "घराचाच!"

"बघ ओडेट," नसरीकाका बहिणीला म्हणाले, "तू म्हणत होतीस पोरीला जमणार नाही."

"मी म्हटलं होतं तुला जमणार नाही," आत्या म्हणाली. "खा आता."

त्याच टेबलावर त्यांनी जाहीर केलं, की वरचा मळा आजपासून हियामचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हियामताई भांडी उचलायच्या निमित्ताने आत गेली, आत्या मागोमाग.

"गप्प राहा," आत्या म्हणाली. "मळा मिळाला ना? मग झालं."

"आणि ही बाटली बैरूतला गेली की? वर बाबांचं नाव असणार आहे, आत्या. तिथे कोण त्यांच्या भिडेखातर वा म्हणणार?"

"मग सांग त्याला. तुझं नाक मेलंय म्हणून सांग. बघू जीभ रेटते का."

जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वाईन तांब्याच्या भट्टीत ओतली आणि खाली जाळ केला. नसरीकाका धावत आले. "वेड लागलंय का? चांगली वाईन जाळतेस?"

"यान्सूनला हात लावला नाही मी. तुमच्यासमोर गाळते. बसा."

ते बसले. नळीतून काचेसारखी नितळ धार आली. तिने ती पेल्यात धरली आणि पाण्याचा तांब्या वडिलांच्या हातात दिला. "पाणी घाला."

त्यांनी पाणी घातलं. यान्सून नसेल तर दारू पाण्यात नितळच राहते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पेला हळूहळू धुरकट झाला, मग दुधाळ. नाकाने सांगितलं नाही ते डोळ्यांना दिसलं.

त्यांनी पेला उजेडात धरून फिरवला. "रांजण?"

"हो."

"तुला आधीच माहीत होतं?"

"हो."

"मग भरलेस कशाला, गाढवे?"

"तुम्ही घासले होते."

नसरीकाकांनी मिशी चोळली, बोटं नाकाशी नेली, हुंगली. काहीच नाही. "म्हणजे काल सगळे खोटं बोलले?"

"सगळे."

"पाद्रीसुद्धा?"

"तेच सगळ्यात आधी."

ते हसायला लागले आणि हसता हसता थांबले. हियामताई खाली मान घालून म्हणाली, "पैज हरले मी, बाबा. द्राक्षं तुमची."

"खालच्या मळ्याची अट होती. ती द्राक्षं गेली भट्टीला, तुझ्याच हाताने. फिटली अट." ते उठले. "वरचा मळा मी पंगतीत दिलाय, चार माणसांसमोर. तो परत घ्यायला मी काय पाद्री आहे? जा, तुझी ती टाकी घेऊन ये."

टाकी वरच्या मळ्यातल्या जुन्या गोठ्यात बसली. तो गोठाच पुढे तिचा वाईनचा कारखाना झाला, आणि तिच्या बाटल्या बैरूतला, पुढे समुद्रापारही गेल्या. नसरीकाका जिवंत असेपर्यंत त्या दाराच्या आत एकदाही आले नाहीत. आपल्या अंगाचा वास आत जाईल म्हणून हंगामभर बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "आज वास कसला?" ती आतून सांगायची, "नासपतीचा!" "ओल्या दगडाचा!" मग ते रस्त्याने जाणाऱ्याला तोऱ्यात सांगत, "आज नासपती आहे."

दर वसंतात पहिला पेला ती बाहेर त्यांच्याकडे घेऊन जायची. ते त्यात पाणी घालायचे, उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "पांढरी नाही झाली. चालेल."

भट्टीत गाळल्याशिवाय वाईनमध्ये नुसतं पाणी घालून काही कळत नाही. तिला ते माहीत आहे, मलाही. पण आता ती साठीला आली, तरी टाकी उघडली की पहिला पेला घेऊन ती दाराबाहेर जाते. यंदा फ्रान्सचे पाहुणे आले होते. तिने तांब्यातून पेल्यात पाणी ओतलेलं पाहून एकाने कपाळाला हात लावला. हियामताईने पेला उन्हात धरला, नीट निरखला.

"चालेल," ती म्हणाली.